बँकही एजंटच

बँकेतून घेतलेली विमा पॉलिसी एजंटकडून घेतलेल्या पॉलिसीपेक्षा सुरक्षित, असं म्हणतात. नाही पटलं. बँकही इथे विमा कंपनीची एजंटच असते, कमिशन घेणारी. क्लेम शेवटी विमा कंपनीच बघते. ग्राहकाच्या बाजूने उभा राहायचा तो ब्रोकर, पण तो आपल्याकडे भेटतो किती जणांना?

गोव्यात, म्हापशात माझी मावशी बँकेत लॉकर मागायला गेली, तर आधी पॉलिसी घ्या म्हणाले. (अशी सक्ती नियमात बसत नाही, पण सांगतात बिनधास्त.) तिने घेतली; घरी कागद वाचले तर हप्ता एकदाच नाही, दरवर्षीचा! आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हे २०२४ पासून. तिने लेखी अर्ज दिला, किरकोळ कपात होऊन पैसे आले. अडलंच तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) तक्रार करायला फी लागत नाही; गोव्याची प्रकरणं पुणे कार्यालयाकडे जातात.