अपघाताचे कारण पहिल्याच दिवशी कसे कळेल?

विमान कोसळल्यानंतर काही तासांतच वाहिन्या ‘वैमानिकाची चूक’ असा निकाल देऊन मोकळ्या होतात, हा आक्षेप मला पूर्णपणे पटतो. त्यात थोडी भर घालतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३व्या परिशिष्टानुसार तपासाचा उद्देश पुढील अपघात टाळणे हा आहे, दोषी ठरवणे नव्हे, आणि प्राथमिक अहवालालाही ३० दिवसांची मुदत असते.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात कोसळले. त्याचे ब्लॅक बॉक्स समुद्रतळावरून वर यायला जवळजवळ दोन वर्षे लागली. त्यानंतरच नेमके उलगडले, की वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या स्फटिकांनी तुंबल्या, ऑटोपायलट बंद पडला आणि गोंधळलेल्या वैमानिकांनी विमानाचे नाक वर खेचत ठेवल्याने पंखांना मिळणारा हवेचा आधारच सुटला. यात उपकरणाची रचना आली, अधिक उंचीवर हाताने विमान चालवण्याचे अपुरे प्रशिक्षणही आले (माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे). ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत यातले काहीही मावत नाही; मृत वैमानिकाच्या घरच्यांना मात्र ते शब्द त्याच संध्याकाळी ऐकावे लागतात.