नाकामुरा म्हणजे निव्वळ फ्री-किक? काहीही!

डावखुरा:
काल एकाने जपानच्या मिडफिल्डरबद्दल ठोकून दिलं, "शुनसुके नाकामुरा म्हणजे फ्री-किकचं दुकान. चेंडू चालू असताना माणूस गायब. कोच ओकादांनी 2010 च्या वर्ल्डकपला बाकावर बसवला म्हणूनच जपान बाद फेरीत पोचला." तिथे दोन ओळीत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हा धागा.

कोच स्ट्रॅकनने त्याला स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबमध्ये 4-4-2 (मागे चार, मध्ये चार, पुढे दोन) रचनेच्या उजव्या कडेला खेळवलं. डावखुरा माणूस उजवीकडे, म्हणजे तो चेंडू घेऊन आत येणार, मागून फुलबॅक (कडेचा बचावपटू) कडेने वर सरकणार आणि समोरच्या लेफ्टबॅकने कोणाला धरायचं ते ठरवेपर्यंत पास निघून गेलेला. 2006-07 ला खेळाडूंनी आणि पत्रकारांनी, दोघांनीही त्यालाच स्कॉटलंडचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. त्याच मोसमात डंडी युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक. एप्रिल 2008 मध्ये रेंजर्सविरुद्ध सुमारे तीस यार्डांवरून मारलेला गोल चालू खेळातला होता. चेंडू हवेत असा फिरला की गोलकीपर मॅकग्रेगर भलतीकडेच झुकला. हा गायब माणूस?

मधली_फळी:
स्कॉटलंडचे दाखले देऊ नका हो. तिथे सेल्टिककडे सत्तर टक्के वेळ चेंडू असायचा. स्पेनच्या एस्पान्योलमध्ये काय झालं? 2009 च्या उन्हाळ्यात गेला, 2010 च्या फेब्रुवारीअखेर जपानला, योकोहामा मारिनोस क्लबात परत. ला लीगात चेंडू मिळाल्यावर वळायला जागा नसते आणि याला पहिल्या पाच पावलांत वेग नाही. तेव्हाचे जपानचे कोच ट्रूसिए, त्यांनी 2002 ला घरच्या वर्ल्डकपमधून वगळलं ते काय उगाच? 3-5-2 मध्ये डाव्या कडेला वर-खाली पळायचं काम होतं. ओनो ते करायचा, हा नाही.

डावखुरा:
सत्तर टक्के कुठून काढलेत? आणि प्लेमेकरला विंगबॅक करून "बघा, पळत नाही" म्हणायचं, ही ट्रूसिएची चूक की त्याची?

ऑफसाइड_नाही:
2010 चं थोडं नीट बोलू. मे महिन्यात कोरियाकडून 0-2. नाकामुराचा डावा घोटा दुखरा, तरी उजवीकडे तोच. ओकादांना पुढे जाऊन प्रेस करायचं (अंगावर जाऊन चेंडू हिसकवायचा) होतं आणि तो प्रेस उजवीकडूनच फुटत होता. मग इंग्लंडविरुद्ध आबे बचावफळीपुढे आला आणि तिथून 4-1-4-1 बसलं: मध्ये हासेबे-एंडो, कडांना मात्सुई-ओकुबो, पुढे एकटा होंडा. या रचनेत कडेच्या माणसाने स्वतःच्या फुलबॅकपर्यंत मागे यायचं असतं, दर वेळी. दुखऱ्या घोट्याच्या, बत्तिशीला टेकलेल्या माणसाचं ते काम नव्हे. बसवणं बरोबरच होतं. पण त्यावरून "चालू खेळात शून्य" हा निष्कर्ष निघत नाही.

कोपऱ्याचा_झेंडा:
आणि डेन्मार्कविरुद्ध होंडाने मारलेली फ्री-किक? ती नाकामुराने मारली असती तर बचावपटूंच्या भिंतीत गेली असती. त्याची पद्धत तोवर जुनी झाली होती. 2009 ला हॉलंडविरुद्ध होंडा फ्री-किकसाठी चेंडू मागत होता, याने दिला नाही, आणि 0-3 हरले.

डावखुरा:
जुनी म्हणे! आधी दोन्ही पद्धती समजून घ्या. नाकामुरा चेंडूकडे तिरका येतो, उजवं पाऊल चेंडूशेजारी घट्ट रोवतो, अंग उजवीकडे कलतं आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचा बुंधा चेंडूच्या खालच्या-डाव्या भागाला घासत वर जातो. त्यामुळे बाजूची आणि पुढची, अशी दोन्ही फिरकी मिळते. चेंडू भिंतीवरून जाऊन उजवीकडे वळतो आणि उतरतो. फार खालून उचलला तर उलटी फिरकी लागते आणि चेंडू बारवरून जातो. पाऊल चेंडूच्या मागे पडलं तरी तेच. आणि भिंत 9.15 मीटरवर, गोल 2.44 मीटर उंच, त्यामुळे अठरा मीटरच्या आतून मारलं तर उतरायला अंतरच उरत नाही. सप्टेंबर 2006 ला ओल्ड ट्रॅफर्डवर आणि नोव्हेंबरमध्ये सेल्टिक पार्कवर 81व्या मिनिटाला, दोन्ही वेळा फ्री-किकवर गोल, आणि समोर मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर व्हान डर सार होता. दुसऱ्या गोलवर सेल्टिक पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळात.

होंडाचं उलटं. चेंडूच्या मधोमध जोरात ठोका, पाय पुढे न फेकता आवरायचा, फिरकी जवळजवळ नाही. मग चेंडू हवेत डुगडुगतो. अंतर मोठं लागतं आणि कुठे जाईल ते मारणाऱ्यालाही पक्कं ठाऊक नसतं.

मधली_फळी:
कबूल, छान धडा. पण जाबुलानीला, म्हणजे त्या वर्ल्डकपच्या चेंडूला, आठच तुकडे होते, गुळगुळीत चेंडू. शिवाय डेन्मार्कचा सामना रुस्टेनबर्गला, हजार मीटरहून उंच. हवा दहाएक टक्के विरळ, म्हणजे वळणही तेवढं कमी. तिथे होंडाचीच पद्धत चालणार. ओकादांना हे कळत होतं.

डावखुरा:
अरे वा! मग त्याच सामन्यात तेराच मिनिटांनी एंडोची फ्री-किक वळून आत गेली, ती कोणत्या हवेतून?

मधली_फळी:
एंडोने उजव्या पायाने भिंतीच्या बाजूने वळवली. वरून नेऊन खाली उतरवायची नव्हती. बाजूने न्यायची तर दहा टक्के कमी वळण परवडतं, वरून न्यायची तर चेंडू बारवरून जातो. तुम्हीच वर अठरा मीटरचं गणित मांडलंत ना, तेच लावून बघा.

ऑफसाइड_नाही:
गंमत अशी की नाकामुरा त्या स्पर्धेत उतरला तो एकदाच, हॉलंडविरुद्ध 64व्या मिनिटाला, डर्बनला. म्हणजे नेमका समुद्रसपाटीवर. :)

पुणेरी_पास:
जपानी मिडफिल्डरवर एवढा काथ्याकूट, आणि पुणे एफसीत खेळलेल्या अराता इझुमीवर एक ओळ नाही. जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळला तो माणूस.

कोपऱ्याचा_झेंडा:
दर धाग्यात इझुमी! वेगळा धागा काढा ना राव.

डावखुरा:
बरं, रुस्टेनबर्गमध्ये वरून मारणं अवघड होतं, एवढं मान्य. पद्धत जुनी झाली हे मान्य नाही. 2013 ला, पस्तिसाव्या वर्षी, मारिनोसकडून जे-लीगमध्ये 10 गोल आणि 2000 नंतर दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू. जे1 (जे-लीगचा वरचा विभाग) मध्ये थेट फ्री-किकवर 24 गोल, एंडो मागे राहिला.

मधली_फळी:
आणि त्याच 2013 ला शेवटचे दोन्ही सामने, निगाता आणि कावासाकीविरुद्ध, हरून लीग हिरोशिमाला देऊन टाकली. शिवाय तुमचा शेवटचा पुरावा पुन्हा फ्री-किकचाच आहे, बरं का.