'रेणुभार' नेमका कोणता? पेटंट अपिलात शेवटचा शब्द कोणाचा असावा?

उलटतपासणी :
अमेरिकेत पेटंटच्या दाव्यातील (म्हणजे पेटंटाची हद्द ठरवणाऱ्या मजकुरातील) वादग्रस्त संज्ञेचा अर्थ ज्युरीने नव्हे, न्यायाधीशाने लावायचा हे १९९६ च्या मार्कमन खटल्यात ठरले. पण तो अर्थ अपिलात कितपत मानायचा, हा तंटा २०१५ पर्यंत रेंगाळला. पेटंटधारक तेवा विरुद्ध जेनेरिक (त्याच औषधाची स्वस्त नक्कल) बनवणारी सँडोझ, या खटल्यात सारा वाद कोपॅक्सोन या मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषधाच्या पेटंटातील 'रेणुभार ५ ते ९ किलोडाल्टन' (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) या शब्दांभोवती होता. नमुन्यात लहानमोठे रेणू एकत्र असल्याने रेणुभार तीन तऱ्हांनी सांगता येतो आणि त्यांपैकी कोणती तऱ्हा, हे दाव्यात नव्हते. जिल्हा न्यायालयाने तज्ज्ञांची साक्ष विचारात घेऊन 'आलेखाच्या शिखराचा', म्हणजे नमुन्यात सर्वाधिक आढळणाऱ्या रेणूंचा, असे ठरवले, फेडरल सर्किटने (पेटंटची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने) सारे नव्याने तपासून ते फिरवले आणि दावा संदिग्ध ठरवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी बजावले की साक्षीवर आधारलेला तथ्यनिष्कर्ष उघड चूक असल्याखेरीज अपिलात बदलू नये. मला हे रास्त वाटते.

कलमबहाद्दर :
मला नाही. पेटंट हा दोघांतला करार नव्हे, ते सर्वांना बांधते. एकच पेटंट दोन जिल्ह्यांत लढवले गेले आणि दोन तज्ज्ञांनी दोन साक्षी दिल्या, तर जेनेरिक बनवणाऱ्याने कारखाना उभारायचा तो कोणत्या अर्थाच्या भरवशावर? न्यायमूर्ती थॉमस यांचे विरोधी मत म्हणूनच पटते: पेटंट खरेदीखतापेक्षा कायद्याच्या जवळचे आहे. अर्जाची कागदपत्रे सर्वांपुढे असताना, मानधन घेऊन आलेल्या तज्ज्ञाच्या तोंडून अर्थ काढण्याची हौस कशाला?

काचनळी :
कागदपत्रे पुरत नाहीत, म्हणून. पेटंटातील आलेखाचे शिखर सांगितलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळत नव्हते. क्रोमॅटोग्राफीची (मिश्रणातील रेणू वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीची) आकडेवारी वितरणवक्रात, म्हणजे कोणत्या भाराचे रेणू किती हे दाखवणाऱ्या आलेखात, मांडताना शिखर किंचित सरकते, हे तज्ज्ञाने सांगितले नसते तर न्यायालयाला कसे उमगले असते?

कलमबहाद्दर :
ते सरकते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवल्यावर फेडरल सर्किटने फेरविचारात मान्य केलेच. तरीही जून २०१५ मध्ये दावा पुन्हा संदिग्धच ठरला, कारण शिखर का सरकते यावरून दाव्यात काय अभिप्रेत होते हे सिद्ध होत नाही. शिवाय त्याच कुळातील पुढच्या दोन अर्जांत पेटंट कार्यालयाला रेणुभाराच्या अर्थाबद्दल एकदा भारित सरासरी (जड रेणूंना जास्त वजन देणारी सरासरी) आणि एकदा शिखर, अशी दोन उत्तरे गेली होती. वाचणाऱ्याने कोणते धरायचे?

उलटतपासणी :
दोन उत्तरांचा मुद्दा वजनदार आहे, हे नाकारत नाही. मात्र एकक किलोडाल्टन आहे म्हणजे भारित सरासरीच, असा त्यातील एका उत्तराचा आधार होता, आणि एककावरून सरासरी ठरत नाही. ते उत्तर चुकीचे होते, हेही कोणा रसायनतज्ज्ञानेच सांगावे लागते. मग त्याची साक्ष ज्या न्यायालयात तपासली गेली, त्याचे मत अपिलात इतके हलके का?