मदत हवी आहे : सात वर्षांच्या मुलीची बुद्धिमापन चाचणी आत्ता करावी का?

मुलगी दुसरीत, मराठी माध्यम, पुणे. चौथीची गणितं तोंडी सोडवते, वर्गात मात्र खिडकीबाहेर बघत बसते. चाचणीनंतर शाळा काहीच बदलणार नसेल तर आकडा घेऊन करायचं काय, इथेच गाडी अडली आहे.

बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी मराठीतून होते, पण प्रमाणकं (तुलनेसाठीचे वयानुसार गुण) फार जुनी, त्यामुळे बुद्ध्यंक फुगून येतो. मलिनची मिसिक ही दुसरी चाचणी सहा ते पंधरा वयाला चालते, शाब्दिक आणि कृती असे दोन वेगळे बुद्ध्यंक देते. मला हेच जास्त उपयोगी वाटतं. पण तिच्यात ठोकळ्यांची नक्षी जुळवताना घड्याळ चालू असतं. सावकाश, नीट काम करणारं मूल तिथे गुण गमावतं. बुद्ध्यंकाची सरासरी १००, १३० च्या वर शंभरात साधारण दोन मुलं. १२८ आणि १३२ यांत फरक मानू नये, चार-पाच गुण इकडेतिकडे होतातच. सर्दी, अपुरी झोप, इंग्रजीतून सूचना, एवढ्यानेही आकडा पडतो. आणि तीच चाचणी लवकर पुन्हा दिली तर सरावाने वाढतो, म्हणून पहिली वेळ वाया घालवायची नाही.

ज्ञान प्रबोधिनी या पुण्यातल्या हुशार मुलांसाठीच्या शाळेचा प्रवेश पाचवीला, तोही त्यांच्या स्वतःच्या चाचणीवर. मग तोवर थांबावं का? नुसता आकडा न देता उपचाचणीनिहाय अहवाल देणारे, मराठीतून चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञ कसे ओळखावेत? अहवाल दाखवून वर्गशिक्षकांकडून वेगळं काम मिळवलं असेल, तर नेमकं काय मागितलंत, तेही कृपया सांगा.