प्रतिसाद: सेरामपूर इंग्रजांनी काढलं का?

वर कोणीतरी लिहिलंय की सेरामपूर कॉलेज कंपनी सरकारने काढलं, तर ते उलट आहे बरं का. (आणि हे बंगालमधलं, आपलं नगरचं श्रीरामपूर नाही, मीही आधी गोंधळलो होतो!) कंपनीला तेव्हा मिशनरी नकोच होते, म्हणून १८०० मध्ये इंग्रज मिशनरी विल्यम केरी हुगळीकाठच्या या डॅनिश वसाहतीत येऊन राहिला, तिथे मार्शमन आणि वॉर्ड हे मिशनरी सोबती होते, आणि १८१८ ला कॉलेज सुरू झालं. पहिल्या ३७ पोरांतली जवळपास निम्मी ख्रिश्चन नव्हती, म्हणजे नुसते पाद्री घडवायचा कारखाना नव्हता तो. १८२७ ला डेन्मार्कच्या राजाने सनद दिली, डिग्री द्यायचा अधिकारच! १८४५ ला डॅनिशांनी गाव इंग्रजांना विकलं तरी सनद टिकली, पण गंमत म्हणजे धर्मशास्त्राच्या पहिल्या डिग्र्या थेट १९१५ ला दिल्या, मधली वर्षं ती सनद तशीच पडून. मग कॉलेजसाठी १९१८ चा कायदा आला, आणि आता देशभरातल्या कितीतरी सेमिनरी (पाद्री घडवणाऱ्या संस्था) तिथल्या सिनेटला, म्हणजे डिग्र्या देणाऱ्या मंडळाला, जोडलेल्या आहेत.

आणि हो, केरीचं मराठी व्याकरण १८०५ ला तिथेच छापलं, १८१० चा कोश तर मोडी टाइपात. मदतीला वैजनाथ पंडित होते, त्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही.