'परकीय हस्तक' की 'परदेशी एजंट'?

रेवती_सोलापूर
आमच्याकडं कायदा शिकणाऱ्या मुलामुलींचा एक वाचनगट आहे. पुढच्या बैठकीसाठी मी रशियातल्या 'मेमोरियल' संस्थेवर मराठीत टिपण करतेय. स्टालिनच्या राजवटीत छळछावण्यांत गेलेल्या, गोळ्या घातल्या गेलेल्या माणसांची नावं शोधून काढणारी ही संस्था. ३० लाखांवर नावं त्यांनी जमवली. २०१२ साली तिथं एक कायदा आला. परदेशातून पैसे घेणाऱ्या आणि सरकारच्या लेखी 'राजकीय काम' करणाऱ्या संस्थेनं आपणहून जाऊन नोंद करायची, की आम्ही 'इनोस्त्रान्नी अगेंत' आहोत. इनोस्त्रान्नी म्हणजे परदेशी. अडलंय ते 'अगेंत'वर. मी 'परकीय हस्तक' लिहिलं होतं. गटातल्या ज्येष्ठ वकिलांनी ते खोडून 'परदेशी प्रतिनिधी' केलं. कायद्याचं भाषांतर करताना पदरची शिवी घालायची नसते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं शिवी मुळातच आहे, आणि ती काढून टाकली तर त्या लोकांवर काय गुजरलं ते मुलांना कळणारच नाही. तुम्ही काय लिहाल?

शुक्रवार_पेठ
'प्रतिनिधी' नको. बातमीच्या सुरुवातीला 'आमच्या प्रतिनिधीकडून' असतं तो प्रतिनिधी. सरळ 'एजंट' ठेवा, रुळलेला शब्द आहे.

अडतवाला
रुळलाय म्हणूनच चालायचा नाही, ताई. मी मार्केट यार्डात कांद्याची अडत करतो. आमच्या गावात एजंट म्हणजे विम्याचा, आरटीओचा, नाहीतर प्लॉटचा. एजंट म्हणालं तर कुणी दचकत नाही. तुमच्या पोरांना 'परदेशी एजंट' म्हणजे व्हिसा काढून देणारा वाटेल.
दुसरं असं, की अडत्या असो वा एजंट, तो कुणाच्या तरी वतीनं उभा असतो. माल शेतकऱ्याचा, मी त्याच्या वतीनं लिलावात उभा. माल कुणाचा हे पट्टीवर लिहिलेलं असतं. मग या संस्था कुणाचा माल विकत होत्या, हे सरकारला दाखवावं लागायचं का? ते दाखवायचं नसेल तर एजंट हा शब्दच खोटा झाला.

वि_ग_कु
'हस्तक' या शब्दावर उगाच चिखलफेक चालू आहे. हस्त अधिक क. कार्यक्रम होतो तो पाहुण्यांच्या 'हस्ते', पावतीवर 'हस्ते' लिहून नाव घालतात. कथकमधल्या हातांच्या हालचालींनाही हस्तकच म्हणतात. शब्द कुलीन आहे. ज्याच्या हातून काम होतं तो हस्तक, एवढाच त्याचा अर्थ. निःशंक लिहावं.

शुक्रवार_पेठ
मास्तर, व्युत्पत्ती कितीही कुलीन असो, आज मराठी वर्तमानपत्रात 'हस्तक' कुणाच्या मागे लागतो? शत्रुदेशाच्या, टोळीच्या, दाऊदच्या. समाजसेवकाचा हस्तक कधी वाचलाय का?

रेवती_सोलापूर
अडतवाल्यांनी अगदी नेमकं धरलं. दाखवावं लागायचं नाही. पैसे परदेशातून आले एवढं पुरे. काम त्या देणाऱ्याच्या सांगण्यावरून झालं, हे सिद्ध करायची गरज नव्हती. २०२२ पासून तर पैशांचीही अट राहिली नाही, 'परदेशी प्रभावाखाली' आहे एवढं सरकारनं म्हटलं की झालं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं जून २०२२ मध्ये या कायद्यावर ठपका ठेवला, तेव्हा सांगण्यावरून काम झाल्याचा पुरावा लागत नाही, हाही मुद्दा घेतला होता.
आणि शुक्रवार पेठ, तुम्ही म्हणता तीच गत रशियनमध्ये आहे. सोव्हिएत काळात 'अगेंत' म्हणजे हेर, फितूर. तरीही २०१४ साली त्यांच्या घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला, की या शब्दात काही वाईट अर्थ नाही. कायदा लागू झाला त्याच दिवसांत, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मेमोरियलच्या इमारतीच्या भिंतीवर कुणीतरी रंगानं मोठ्या अक्षरांत तेच दोन शब्द लिहून गेलं होतं. ज्यानं लिहिले त्याला अर्थ बरोबर माहीत होता.
अशा संस्थांनी आपल्या मजकुरावर हा शिक्का छापायचा, असाही नियम होता. शिक्का नीट लावला नाही या कारणावरून २८ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मेमोरियल बंद करण्याचा हुकूम दिला. वर्षभराच्या आत, २०२२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्यांत मेमोरियल होती. 'प्रतिनिधी' लिहून हे सगळं कसं सांगू?

कोर्टकचेरी
तुमचे वकील एका अंगानं बरोबर आहेत. कायद्यातली संज्ञा आणि त्या संज्ञेचा लोकांत झालेला अर्थ या दोन गोष्टी. भाषांतर करणाऱ्यानं 'हस्तक' लिहिलं की सरकारचा आरोप त्याच्या तोंडी येतो. मुलांना वाटेल, नोंद आहे म्हणजे हस्तकच असणार. उलट 'परदेशी एजंट' लिहा आणि पुढच्या दोन ओळींत रशियन माणसाच्या कानाला ते कसं लागतं ते सांगा.
आपल्याकडं हाच घोळ 'राजद्रोह' आणि 'देशद्रोह' यांचा. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम १२४-अ हे राजद्रोहाचं होतं, म्हणजे सरकारबद्दल अप्रीती पसरवण्याचं. टिळकांना १८९७ आणि १९०८ साली शिक्षा झाली ती त्याखाली. बातम्यांत मात्र बिनदिक्कत 'देशद्रोहाचा गुन्हा' छापत आले. सरकारवर टीका केली त्याला देशाचा वैरी ठरवून टाकलं, आणि तेही कोर्टात एक साक्ष व्हायच्या आत. शब्द निवडणाऱ्याचा हात इतका सैल असू नये.

पूर्वभाग
मला एजंट-हस्तकातलं कळत नाही. पण वर 'मानवी हक्क न्यायालय' लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. हल्ली सगळे 'मानवाधिकार' लिहितात. तो मराठी आहे का?

वि_ग_कु
'मानवाधिकार' हा शुद्ध संस्कृत समास आहे. 'हक्क' अरबी. शुद्धतेचाच प्रश्न असेल तर उत्तर उघड आहे.

पूर्वभाग
मास्तर, आम्ही तेलुगू घरातले, अशोक चौकाच्या पलीकडचे. आई विड्या वळायची. मजुरी कमी मिळाली म्हणून एकदा ती आणि शेजारच्या दोघी एका सरकारी कार्यालयात गेल्या. मी शाळेत होते, मराठी बोलायला मला नेलं. मी पुस्तकातलं वाक्य टाकलं, 'किमान वेतन हा आमचा अधिकार आहे.' टेबलामागचा माणूस म्हणाला, 'अधिकार साहेबांना असतो. तुम्ही अर्ज करा.' आई मराठी जेमतेम बोलायची, ती पुढं झाली आणि म्हणाली, 'हक्कु. हक्क आमचा.' त्यावर त्याला काही बोलता आलं नाही, अर्ज घेतला.
तेलुगूत हक्कु, कन्नडमध्ये हक्कु, आमच्या शेजारच्या मोमीन चाचींच्या बोलीत हक. सोलापुरातल्या चारही भाषांत एकच शब्द आहे. मराठीत अधिकार म्हटलं की अधिकारी डोळ्यापुढं येतो, हुकूम सोडणारा. ज्याच्याकडं मागायचं त्याचाच शब्द मागणाऱ्यानं का वापरावा?

कोर्टकचेरी
पूर्वभाग ताईंना कायद्याचाही आधार आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठात तिसरा भाग 'मूलभूत हक्क' आहे; 'मूल अधिकार' हे हिंदी. आपल्या राज्याचा आयोगही 'मानवी हक्क आयोग'. २०१५ चा 'लोकसेवा हक्क अधिनियम' घ्या. 'माहितीचा अधिकार' तेवढा २००५ पासून घट्ट बसला.

वि_ग_कु
रूढीचा आधार मान्य. परंतु उद्या सारेच शब्द रूढीवर सोडायचे तर शब्दचर्चा कशाला करायची? भाषेला काही शिस्त हवी.

शुक्रवार_पेठ
शिस्त आणि सोवळं यांत फरक आहे, मास्तर. 'हक्क' मोडी कागदांत आहे, वतनदारांच्या भांडणांत आहे. तीन-चारशे वर्षं इथं राहिलेल्याला परका म्हणायचं? रशियातला कायदा तरी वेगळं काय करतो?

वि_ग_कु
ही तुलना मला लागली. शब्दाला परका म्हणणं आणि माणसाला परका म्हणणं एक नव्हे.

रेवती_सोलापूर
मास्तर, रागावू नका, तुमची मदत हवीय. रशियनमध्ये 'प्रावोझाश्चीत्निक' असा एकच शब्द आहे. प्रावो म्हणजे हक्क, आणि कायदासुद्धा. झाश्चीत्निक म्हणजे राखणारा. 'मानवी हक्क कार्यकर्ता' लिहिलं तर पक्षाचा कार्यकर्ता आठवतो. 'हक्करक्षक' कसा वाटतो?

वि_ग_कु
रक्षक म्हटलं की आता बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक दिसतो. जुना, सकस शब्द आहे 'कैवारी'. दुसऱ्याचा कैवार घेतो तो.

पूर्वभाग
कैवारी छान आहे! 'गोरगरिबांचा कैवारी' आमच्या गल्लीतही बोलतात.

कोर्टकचेरी
पण कैवारी बाहेरून येतो. स्वतःच्या हक्कासाठी उभी राहिलेली बाई स्वतःची कैवारी होईल का? संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९९८ ला अशा लोकांविषयी जाहीरनामा केला. त्यात एकट्यानं किंवा इतरांसोबत हक्कांसाठी झटणारा प्रत्येक जण धरलाय. पूर्वभाग ताईंच्या आईही त्यात बसतात.

शुक्रवार_पेठ
त्याच धर्तीवर दुसरा एक शब्द कितीतरी दिवस छळतोय. सोव्हिएत काळात राजवटीविरुद्ध बोलणाऱ्या 'डिसिडेंट' लोकांना मराठीत 'असंतुष्ट' म्हणतात. आपल्याकडं असंतुष्ट कोण? ज्याला मंत्रिपद मिळालं नाही तो! मानवी हक्कांसाठी झगडलेल्या शास्त्रज्ञ साखारोव्हना असंतुष्ट म्हणायचं?

वि_ग_कु
'भिन्नमती' करता येईल.

रेवती_सोलापूर
रशियनमध्ये 'वेगळा विचार करणारा' अशा अर्थाचा शब्द आहेच, म्हणजे तुमची घडण त्याच्या जवळची. पण मला 'मती' नको वाटते. त्या राजवटीनं अशा माणसांना वेडं ठरवून मनोरुग्णालयात डांबलं होतं. जनरल ग्रिगोरेन्कोंसारख्या लष्करी अधिकाऱ्यालाही सोडलं नाही. मतीवर बोट ठेवणं हेच तर सरकारचं हत्यार होतं.

वि_ग_कु
हे ठाऊक नव्हतं. मग 'भिन्नमती' मागे घेतो. 'मतभेदी'चा विचार व्हावा.

अडतवाला
रशिया बाजूला ठेवून आपलं बघा की. १९३० ला गांधीजींना धरलं आणि सोलापूर पेटलं. १२ मे ते ३० जून इथं मार्शल लॉ होता. डोक्यावर गांधी टोपी दिसली की मार. आमचे आजोबा 'मार्शल लॉ' असंच म्हणायचे. मी एकदा 'लष्करी कायदा' म्हणालो तर विचारलं, हे कुठलं नवीन?
चार जणांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. आता प्रश्न असा, की आपण चौघांनाही 'हुतात्मा' म्हणतो. माझा एक मित्र म्हणतो, कुर्बान हुसेन यांना 'शहीद' म्हणायला हवं, होमात आहुती पडते ती हिंदूंची कल्पना. मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

शुक्रवार_पेठ
उत्तर त्यांच्या नावातच आहे. कुर्बान म्हणजे अर्पण केलेला. हुत म्हणजेही अर्पण केलेला. नाव आणि गावानं दिलेली पदवी, दोन्हींचा अर्थ एकच निघाला. त्यांच्या वर्तमानपत्राचं नाव 'गझनफर', म्हणजे सिंह. सोलापूरकर चौघांना एका शब्दात बांधतात, ते मोडू नये.

वि_ग_कु
हे मात्र मनापासून पटलं. या एका बाबतीत अरबी आणि संस्कृत एका ताटात बसू द्यावेत.

कोर्टकचेरी
बांधणं ठीक, पण त्यांच्या समाजातल्या कुणाला 'शहीद' म्हणावंसं वाटलं तर त्यालाही आडकाठी नसावी. गावानं एक शब्द ठरवला म्हणून दुसरा गप्प करायचा नाही.

अडतवाला
गप्प कोण करतंय? मित्रानं म्हणावं की. पण चौकातल्या पाटीवर काय हा प्रश्न उरतोच.

दक्षिण_कसबा
उशिरा आलोय. मेमोरियल, हुतात्मे सगळं वाचलं. याच विषयातला एक शब्द मलाही हवाय. आमचे आजोबा आणीबाणीत मिसा कायद्याखाली येरवडा तुरुंगात होते. खटला नाही, आरोपपत्र नाही. घरात त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढतोय. 'कैदी' लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. कैदी म्हणजे गुन्हा शाबीत झालेला, मी 'स्थानबद्ध' होतो, असं ते ठासून सांगायचे. पण आता सोलापूरच्या कुठल्याही पेपरात 'स्थानबद्ध' शब्द येतो तो एमपीडीए, म्हणजे गुंडांना खटल्याशिवाय अडकवायच्या कायद्याखाली उचललेल्याच्या बातमीत, 'येरवडा कारागृहात रवानगी' या शेपटासकट. माझी मुलगी म्हणाली, पणजोबा गुंड होते का? 'राजबंदी' लिहू का?

कोर्टकचेरी
कायद्यात 'स्थानबद्धता'च आहे, घटनेच्या २२ व्या कलमातही. खटल्याशिवाय अडकवलेला तो स्थानबद्ध, मग गुंड असो की पुढारी. शब्द बिघडलेला नाही, वापर एकांगी झालाय. 'स्थानबद्ध'च ठेवा.

पूर्वभाग
मी 'राजबंदी' लिहीन. मुलीला एका वाचनात कळतं.

वि_ग_कु
'राजबंदी' घडणीला निर्दोष आहे. परंतु तुमच्या आजोबांनी स्वतःसाठी शब्द निवडून ठेवला होता, तो बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दक्षिण_कसबा
तोच तर पेच आहे, मास्तर. त्यांचा शब्द ठेवला तर पणतीला चुकीचं कळतं.