सल्ला हवा : मुलींच्या हॉकी संघासाठी जीपीएस व्हेस्ट

मधली फळी

नमस्कार. मी मुलींच्या हॉकी संघाची प्रशिक्षक आहे. चोवीस जणी, वय सोळा ते एकोणीस, आठवड्याला चार सराव आणि मोसमात शनिवारी सामना. मागच्या मोसमात तिघींची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, दुखावली. त्यातल्या दोघी परीक्षेच्या सुट्टीनंतर परतल्या होत्या आणि दहा दिवसांच्या आत बाहेर बसल्या. एकीला त्या दिवशी मीच "अजून एक फेरी मार" म्हटलं होतं. ते मनातून जात नाही.

संघाला मदत करणाऱ्या एका हितचिंतकांनी काय हवं विचारलं, तेव्हा मी पाठीवर लावायचे जीपीएस ट्रॅकर म्हणाले. आता कॅटापल्ट, स्टॅटस्पोर्ट्स, पोलार अशा कंपन्यांची माहितीपत्रकं चाळून डोकं भणाणलंय. जो तो ढीगभर आकडे देतो म्हणतो. मला दोनच गोष्टी कळायला हव्यात : कोणती मुलगी जास्त ताणली जातेय, आणि सुट्टीवरून आलेलीला किती पळवायचं. त्यासाठी काय घ्यावं? चोवीसच्या चोवीस घ्यावीत का? ठोके मोजणारा छातीचा पट्टा वेगळा लागतो का? वापरलेल्यांनी कृपया लिहा.

शिट्टी

फुटबॉल संघाचा फिटनेस ट्रेनर आहे, सात वर्षं ही युनिट हाताळतोय. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही प्रश्न आधी ठरवून आलात. बहुतेक जण यंत्र आधी घेतात आणि त्याचं काय करायचं ते नंतर विचारतात.

व्हेस्टच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधे जो खिसा असतो, त्यात युनिट बसतं. तिथेच का, तर आकाश उघडं मिळतं आणि चेंडू-स्टिक लागायची शक्यता कमी. आत जीपीएसचा रिसीव्हर साधारण सेकंदाला दहा वेळा जागा टिपतो, आणि सोबतचा ॲक्सिलरोमीटर सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा हालचाल मोजतो. सुरुवातीची युनिट सेकंदाला एकदाच जागा टिपायची, त्यात लहान स्प्रिंट सापडतच नसे. दहा हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, तुम्हाला पुरे. त्यापुढचा आकडा दिसला तर तो रिसीव्हरचा खरा आकडा आहे की मधल्या जागा गणिताने भरल्यात, एवढं विचारून घ्या.

एकूण अंतर आणि सरळ पळतानाचा वेग हे आकडे भरवशाचे. दोन-तीन मीटरची झेप, झटक्यात थांबणं, दिशा बदलणं यात चूक वाढते. आणि हॉकीत खाली वाकून चेंडू ढकलत नेताना कंबरेवर जो भार येतो, तो अंतराच्या आकड्यात दिसत नाही. तो तुमच्या डोळ्यांनीच बघायचा.

तुमच्या प्रश्नाला लागू पडणारे आकडे दोनच : वेगाने धावलेले मीटर आणि गाठलेला सर्वोच्च वेग. आमच्या एका विंगरचं उदाहरण देतो. मंगळवारी आणि गुरुवारी तिचं एकूण अंतर जवळपास सारखंच होतं, साडेपाच किलोमीटरच्या आसपास. पण मंगळवारी त्यातले वेगाचे मीटर होते ४०, आणि गुरुवारी ४१०. कागदावर दोन्ही दिवस "मध्यम सराव". हॅमस्ट्रिंगच्या दृष्टीने मात्र दोन वेगळे दिवस. सुट्टीनंतर परतलेली मुलगी बहुतेक इथेच अडकते. दम टिकतो, अंतर पूर्ण होतं, म्हणून आपल्याला वाटतं ती तयार आहे. पण पूर्ण वेगाने ती तीन आठवडे पळालेलीच नसते.

यातली एक मोठी गफलत : सॉफ्टवेअरमध्ये वेगाची रेषा, म्हणजे जिच्यावर गेल्यावरच "वेगाचे मीटर" मोजले जातात ती, बऱ्याचदा ताशी १९.८ किलोमीटरला आणि स्प्रिंटची २५.२ ला आखलेली असते. हे आकडे पुरुषांच्या फुटबॉलमधून आलेत. तुमच्या मुलींपैकी अनेकींचा सर्वोच्च वेगच २५ च्या आसपास असेल, म्हणजे जीव तोडून पळालेल्या मुलीच्या नावापुढे स्प्रिंट शून्य दिसणार. नीट वॉर्म-अप करून प्रत्येकीची ४० मीटरची धाव घ्या, तिचा स्वतःचा सर्वोच्च वेग नोंदवा आणि रेषा त्याच्या टक्केवारीत आखा.

चोवीस युनिट लागत नाहीत. गोलरक्षकाला तर अंतराचा आकडा काहीच सांगत नाही. दुखापतीतून परतलेल्या तिघी, बगलेच्या आणि मधल्या फळीतल्या जास्त पळणाऱ्या, अशा आठ-दहा जणींपासून सुरुवात करा. फक्त युनिटवर नंबर घाला आणि तोच नंबर कायम त्याच मुलीला द्या. एकाच कंपनीची दोन युनिटसुद्धा तंतोतंत सारखं मोजत नाहीत, मग वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना सोडूनच द्या.

ठोका

मी फिजिओ आहे. शिट्टी यांच्या प्रतिसादाशी सहमत, पण यंत्र येण्याआधी एक गोष्ट उद्यापासून सुरू करा, तिला काहीच लागत नाही.

सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने प्रत्येकीला विचारा : शून्य ते दहामध्ये आजचा सराव किती जड गेला? तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. ९० मिनिटं आणि जडपणा ६, म्हणजे त्या दिवसाचा भार ५४०. क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, २००१ पासून ती जगभर वापरात आहे आणि महागड्या यंत्रांशेजारी अजूनही टिकून आहे. अट एकच, एकेकीला बाजूला घेऊन विचारा. घोळक्यात विचारलं की पहिली जे म्हणते तेच बाकीच्या म्हणतात. आणि यात ते कळतं जे जीपीएसला कळत नाही. रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलीला रोजचाच सराव ६ ऐवजी ९ वाटतो.

छातीच्या पट्ट्याबद्दल : हृदयाचे ठोके मोजायचेच असतील तर पट्टाच, आणि तो बांधण्याआधी आतली बाजू पाण्याने ओली करायची, नाहीतर पहिली दहा मिनिटं वाटेल ते आकडे येतात. मनगटी घड्याळ हॉकीत नको. स्टिक घट्ट धरली की मनगटाचे स्नायू आवळतात आणि प्रकाशाने ठोके मोजणारा सेन्सर चुकतो. कमाल ठोके "२२० वजा वय" करून काढू नका, एकाच वयाच्या दोन मुलींत मोठा फरक असतो. मैदानावर चाचणी घेऊन काढा. आणि पाच-सहा सेकंदांच्या स्प्रिंटला ठोके मागून येतात, त्यामुळे तुमच्या हॅमस्ट्रिंगच्या प्रश्नाला पट्टा फारसं उत्तर देणार नाही. पहिल्या वर्षी वगळा.

ॲपमध्ये हिरव्या-लाल पट्ट्यात एक गुणोत्तर दिसेल : या आठवड्याचा भार भागिले मागच्या चार आठवड्यांची सरासरी. ०.८ ते १.३ म्हणजे सुरक्षित, असं सांगतात. क्रीडा संशोधक टिम गॅबेट यांच्या २०१६ च्या लेखानंतर हे खूप पसरलं, पण नंतर त्यामागच्या गणितावर संशोधकांनीच गंभीर आक्षेप घेतलेत. भार एकदम उडी मारत नाही ना, एवढं बघायला ते ठीक. १.३१ आलं म्हणून मुलीला बसवू नका आणि १.२ आलं म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि कळकळीने सांगते ताई, ट्रॅकर दुखापत टाळत नाही. गुडघे टेकून पाय कोणीतरी धरायचे आणि शरीर हळूहळू पुढे सोडायचं, तो नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम मुली करतात का? तो नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलंय. आधी तो, मग व्हेस्ट.

चढाईपटू

धाग्यातच विचारतो. आम्ही कबड्डीवाले, मॅटवर आणि छताखाली. आमच्यासाठी यातलं काही आहे का?

आकडेमोड

@चढाईपटू, छताखाली उपग्रहाचे सिग्नल पोचत नाहीत, त्यामुळे जीपीएस बाद. बास्केटबॉल, हँडबॉलमध्ये हॉलच्या भिंतींवर चारी बाजूंनी अँकर, म्हणजे सिग्नल पकडणारी छोटी यंत्रं, बसवतात आणि खेळाडूच्या अंगावरच्या टॅगपासून सिग्नल यायला लागणाऱ्या वेळेवरून जागा काढतात. यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) म्हणतात त्याला. चूक सेंटिमीटरांत मोजावी इतकी कमी, पण हॉल तुमचा कायमचा असेल तरच परवडणारं.

कबड्डीत मात्र मला अडचण वेगळीच वाटते. १३ बाय १० मीटरच्या मैदानात अंतर मोजून काय कळणार? तिथे सगळा भार पकडीत, झटापटीत आणि सुटण्यात. ॲक्सिलरोमीटर धक्के मोजेल, पण पाच जण अंगावर पडल्यावर तो धक्का कोणाचा, हे सांगणार नाही. आणि पाठीवर कडक डबी घेऊन पाठीवर आदळणं धोक्याचं. तुम्ही ठोका यांची शून्य ते दहाची पद्धत घ्या आणि चढायांचं चित्रीकरण करून मोजा.

उजवी बगल

खेळाडू म्हणून लिहिते, दोन मोसम व्हेस्ट घालून खेळलेय.

आमच्याकडे दर सरावानंतर सगळ्यांचे किलोमीटर कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर लागायचे. दोन आठवड्यांत मुली सराव संपल्यावर मैदानाला उगाच फेऱ्या मारायला लागल्या, यादीत वर यावं म्हणून. माझी एक मैत्रीण पोटरी दुखत असताना बोलली नाही, कारण आकडा खाली आला तर संघाबाहेर जाऊ असं तिला वाटलं. तिला नंतर सहा आठवडे बसावं लागलं. यंत्रानं काही चूक केली नव्हती.

मॅडम, पहिल्याच दिवशी मुलींना सांगा की हा आकडा निवडीसाठी नाही, आणि तो शब्द पाळा. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या २०१७ च्या करारात खेळाडूंनी हेच लिहून घेतलं : घालायचं की नाही ते खेळाडू ठरवणार आणि कराराच्या वाटाघाटीत तो डेटा वापरायचा नाही. तिथल्या मातब्बर खेळाडूंना हे लिहून घ्यावंसं वाटलं, तर सोळा वर्षांच्या मुलीला नक्कीच वाटेल. अठराच्या आतल्या मुलींच्या पालकांची लेखी संमती घ्या. ॲपमध्ये पाळीच्या नोंदी, वजन वगैरेचे रकाने असतात, ते मुळातच बंद ठेवा.

आणि मापं घेताना मुलींना घालून बघू द्या. स्पोर्ट्स ब्रावरून व्हेस्ट सैल बसलं तर युनिट पाठीवर उडतं आणि आकडे फुगतात. घट्ट बसलं तर धाप लागते. आमची मापं पुरुषांच्या तक्त्यावरून मागवली होती, पहिला मोसम त्यात गेला.

मधली फळी

सगळ्यांचे मनापासून आभार. उजवी बगल, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं सांगते, यादी भिंतीवर लावायची असं माझ्याही मनात होतं.

नॉर्डिक व्यायाम आम्ही "वेळ मिळाला तर" करत होतो. आता वॉर्म-अपनंतर आठवड्यातून दोनदा पक्का. शून्य ते दहा कालपासून सुरू केलं. पहिल्याच दिवशी एक नेहमी हसतमुख असणारी मुलगी ९ म्हणाली. विचारलं तर चार दिवस झोप नाही. मला पत्ताच नव्हता.

एक अडचण. हितचिंतक एकदाच रक्कम देणार आहेत, आणि विक्रेते वर्षाची वर्गणी म्हणतायत. सामन्यात घालता येतं का, तेही सांगा.

आकडेमोड

वर्गणीचं आधीच विचारा : ती थांबली तर युनिट चालतं का, आणि जुना डेटा मिळतो का? कच्चा डेटा सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठल्याही तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, उतरवून घेता येत असेल तरच घ्या. मी ज्या संघाचं काम करत होतो, तिथे कंपनीने ॲप बदललं आणि दोन मोसमांचा डेटा आत अडकला, हाती फक्त रंगीत आलेख उरले. तेव्हापासून मी दर रविवारी सगळं उतरवून ठेवतो. सॉफ्टवेअर अद्ययावत झालं की तारीख लिहून ठेवा, कधीकधी वेगाचे मीटर त्या दिवसापासून बदलतात आणि आपण कारण मुलींमध्ये शोधत बसतो. बॅटरी बदलून मिळते का, तेही विचारा.

सामन्याचं म्हणाल तर फुटबॉलमध्ये २०१५ पासून नियमांनी परवानगी आहे, उपकरणावर फिफाचं प्रमाणचिन्ह लागतं. हॉकीत तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रकात बघा आणि पंचांना सामन्याआधी दाखवा.

शिट्टी

घेण्याआधी चाचणीसाठी दोन युनिट आठवडाभर मागा, सहसा देतात. सरावाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी उघड्या मैदानात चालू करून ठेवायची, दिवा स्थिर झाल्याशिवाय घालायची नाहीत. उंच स्टँडच्या सावलीत सिग्नल भिंतीवरून परावर्तित होतात. आमचा एक मुलगा बाकावर बसलेला असताना त्याचा वेग ताशी ४१ किलोमीटर आला होता. धावपटू उसेन बोल्टचा बर्लिनमधला, २००९ चा सर्वोच्च वेग ४४ च्या थोडा वर. असा आकडा दिसला की खोडून टाका, नाहीतर तोच त्या खेळाडूचा "सर्वोच्च वेग" म्हणून बसतो आणि पुढची सगळी टक्केवारी बिघडते. परतीच्या बसमध्ये व्हेस्ट अंगावर राहिलं तरी हाच घोळ.

दोन्ही युनिट एकाच व्हेस्टमध्ये ठेवून मैदानाच्या रेषेवरून चालून बघा. खरं अंतर आपल्याला माहीत असतंच.

मधली फळी

दोन युनिट मिळाली. आज पहाटे मुली यायच्या आधी केलं. हॉकीचं मैदान ९१.४ बाय ५५, म्हणजे एक फेरी २९२.८ मीटर. रेषेवर पाय ठेवत तीन फेऱ्या चालले, खरं अंतर ८७८. एकाने ८७१ दाखवलं, दुसऱ्याने ८८६. मग दोन्ही घेऊन मधल्या रेषेवर पुढे-मागे झटक्यात वळत धावले, तर तिथे फरक आणखी वाढला. शिट्टी म्हणाले तसंच. दोन्हींवर टेपने १ आणि २ चिकटवलंय.

आठ घ्यायचं ठरलं. तीन वर्षांची वर्गणी एकरकमी भरायची विनंती हितचिंतकांनी मान्य केली, आणि डेटा उतरवून घेण्याचं कलम विक्रेत्याकडून लेखी घेतलं. यादी भिंतीवर लागणार नाही. ज्या मुलीला आपला आकडा बघायचाय, तिने माझ्याकडे येऊन बघायचा.

सोमवारी सुट्टीनंतरचा पहिला सराव. परतणाऱ्या चौघींचा वेग पहिले तीन दिवस त्यांच्या सर्वोच्च वेगाच्या सत्तर टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही आणि मग दर सरावाला थोडे थोडे वेगाचे मीटर वाढवायचे, असा विचार आहे. ठोका, हे फार सावध होतंय का?

ठोका

सावधच असू द्या, फक्त फार लांबवू नका. दुसऱ्या आठवड्याअखेर त्यांना दोन-तीन वेळा तरी नव्वद टक्क्यांच्या वर पळू दे, पूर्ण ताजेतवाने असताना, वॉर्म-अपनंतर लगेच, सरावाच्या शेवटी नाही. ज्या वेगाला पाय विसरलेत तो पहिल्यांदा सामन्यातच भेटायला नको. आणि मागच्या वर्षी जिची दुखावली होती, तिला गुरुवारी मांडी ताणून कसं वाटतं ते विचारा, आकडा काहीही असो.